पाण्याखालच्या पायऱ्या आणि मधले मुक्काम

पावसाळा ओसरून समुद्र निवळू लागला की मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर होड्यांची लगबग सुरू होते. पुणे-कोल्हापूरकडून, क्वचित थेट विदर्भातून आलेली कुटुंबे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात, प्रशिक्षकाचा हात घट्ट धरून, जन्मात प्रथमच पाण्याखाली श्वास घेतात. अनुभव काही मिनिटांचाच. परंतु आपल्याच श्वासाचे बुडबुडे वर जाताना पाहण्यात आणि खडकांभोवती घुटमळणाऱ्या मासोळ्यांच्या मधोमध तरंगण्यात जी नवलाई आहे, ती मनातून लवकर जात नाही. बहुतेकांची हौस एवढ्यावर भागते. काहींची मात्र भागत नाही. असा एखादा शिक्षक, बँकेतील एखादा कर्मचारी किंवा महाविद्यालयातील विद्यार्थी पुढच्या वर्षी रजा आणि पैसे साठवून तारकर्ली, गोवा, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट किंवा अंदमानातील स्वराज द्वीप येथे रीतसर अभ्यासक्रमाला दाखल होतो. चार दिवसांत त्याच्या हाती पहिले प्रमाणपत्र पडते. आणि त्याच संध्याकाळी, ओले कपडे वाळण्याच्या आत, त्याला विचारले जाते : उद्यापासून पुढचा अभ्यासक्रम सुरू करायचा ना?

या प्रश्नाला तो काय उत्तर देतो, यावर त्याची सुरक्षितता पुष्कळशी अवलंबून असते. परंतु उत्तर देताना तो विचार करतो तो रजेचा, पैशाचा आणि सोबतीच्या मित्रांचा. आपण त्या पायरीला लायक झालो आहोत का, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही आणि तोही स्वतःला विचारीत नाही.

विषय मूठभर हौशी लोकांचा आहे, असे वरवर पाहता वाटेल. तसे ते नाही. प्रमाणपत्र आणि पात्रता यांतील अंतर हा आपल्या सबंध शिक्षणव्यवस्थेचा जुना दुखणाईत प्रश्न आहे. मार्गदर्शक वाचून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आणि विषय समजलेला विद्यार्थी यांतील फरक प्रत्येक शिक्षक जाणतो. जमिनीवर हा फरक झाकून नेता येतो. एखादी नोकरी हुकते, एखादे वर्ष वाया जाते, एवढेच. पाण्याखाली तो झाकता येत नाही, म्हणून हा प्रश्न तेथे अधिक स्वच्छ दिसतो.

'प्रगत' म्हणजे किती?

स्कूबा प्रशिक्षणाची सूत्रे आज मुख्यतः खासगी आंतरराष्ट्रीय संस्थांच्या हाती आहेत. त्यांतील सर्वांत मोठी 'पॅडी' ही संस्था अमेरिकेत १९६६ साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या अभ्यासक्रमात खुल्या पाण्यातील चार बुड्या असतात आणि तो पुरा करणाऱ्याला १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याची मुभा मिळते. दुसऱ्या, 'ॲडव्हान्स्ड' म्हणजे प्रगत म्हटल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात पाच बुड्या असतात. त्यांपैकी एक खोल पाण्यातील आणि एक होकायंत्राच्या साहाय्याने दिशा शोधण्याची, या दोन सक्तीच्या. उरलेल्या तीन आवडीच्या. हे झाले की मर्यादा ३० मीटर होते. दोहोंच्या मध्ये किती बुड्या मारलेल्या असाव्यात, याची अट नाही. म्हणजे चार अधिक पाच, अशा एकूण नऊ बुड्या मारलेल्या माणसाला आठवडाभरात 'प्रगत पाणबुड्या' म्हणवून घेता येते.

'एसएसआय' या दुसऱ्या मोठ्या संस्थेत हाच शब्द मिळविण्यासाठी चार स्वतंत्र विषयांचे प्रशिक्षण आणि एकंदर २४ बुड्यांची नोंद लागते. १९५३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबची रीत आणखी निराळी. तेथे पहिल्या पायरीची मर्यादा २० मीटर आणि दुसरीची ३५ मीटर आहे. परंतु दुसरी पायरी गाठली म्हणून सभासद एकदम ३५ मीटरवर जात नाही. जाणत्या सोबत्याबरोबर थोडी थोडी खोली वाढवीत त्याने तेथवर पोहोचावे, अशी अपेक्षा असते.

तीन संस्था, तीन मापे. शब्द मात्र होडीवर ऐकू येतो तो एकच : 'प्रगत'. नऊ बुड्यांचा प्रगत आणि चोवीस बुड्यांचा प्रगत शेजारी शेजारी बसलेले असतात आणि होडीवाला दोघांना एकाच जागी पाण्यात सोडतो. समुद्र मात्र दोघांची कार्डे पाहत नाही.

तीस मीटरवरचा हिशेब

१८ मीटर आणि ३० मीटर यांत फरक तो केवळ बारा मीटरचा, असे शिकाऊ माणसाला वाटते. तेथेच त्याची गफलत होते. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो आणि पाण्यात दर दहा मीटरला आणखी एकेका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर तो दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट. पाणबुड्याला त्या त्या दाबाचीच हवा श्वासाला लागते. म्हणून जो माणूस जमिनीवर मिनिटाला २५ लिटर हवा वापरतो, तो तीस मीटरवर मिनिटाला १०० लिटर वापरू लागतो.

सर्वसाधारण १२ लिटरची टाकी २०० बार दाबाने भरली, तर तीत २,४०० लिटर हवा मावते. पैकी ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखून ठेवायची असा संकेत आहे. उरलेली १,८०० लिटर हवा दहा मीटरवर ३६ मिनिटे पुरेल. तीस मीटरवर १८ मिनिटे. येथवर हिशेब सोपा आहे. आता समजा, तीस मीटरवर सोबत्याची हवा संपली आणि दोघांना एकाच टाकीवर वर यायचे आहे. शिल्लक आहे ती राखीव ६०० लिटर. मिनिटाला नऊ मीटर या विहित गतीने वर यायला तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि वाटेत दोघे मिळून सुमारे ४१७ लिटर हवा वापरतात. खाली खाणाखुणा करण्यात आणि एकमेकांची नळी शोधण्यात एकच मिनिट गेले, तर २०० लिटर तेथेच गेलेली असतात. बेरीज ६१७ होते. हिशेब सतरा लिटरनी तुटला, आणि यात पाच मीटरवर तीन मिनिटे थांबण्याचा रिवाज धरलेलाच नाही. शिवाय भ्यालेला माणूस मिनिटाला २५ लिटरवर थांबत नाही.

वेळेचीही तीच गत. पाण्याखाली श्वासावाटे नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत मुरत जातो. फार मुरला तर सरळ वर येणे धोक्याचे ठरते आणि वाटेत थांबे घ्यावे लागतात. पॅडीच्या तक्त्यात असे थांबे न घेता राहण्याची मुदत १८ मीटरवर ५६ मिनिटे आहे. ३० मीटरवर २० मिनिटे आणि ४० मीटरवर अवघी ९. त्यातच तीस मीटरच्या आसपास अनेकांना नायट्रोजनची गुंगी जाणवू लागते. विचार मंदावतो आणि गंमत अशी की, तो मंदावला आहे हे त्या माणसाला उमगत नाही. म्हणजे जेथे हवा भरभर संपते आणि मुदत आखूड होते, नेमके तेथेच हिशेब करणारे डोके जड होते. खोल पाणी हे उथळ पाण्यापेक्षा थोडे अधिक अवघड असे नाही. त्याचा हिशेबच वेगळा आहे.

लक्ष ही मर्यादित पुंजी

अशा जागी माणसाला वाचविते ते काय? अभ्यासक्रमात मिळालेली माहिती काही अंशी वाचविते. परंतु मुख्यतः वाचविते ती हातापायांत मुरलेली सवय. सायकल शिकणाऱ्याचे सारे लक्ष तोल सांभाळण्यात गुंतलेले असते. समोरून येणारी बैलगाडी त्याला दिसते, पण उशिरा. महिन्याभराने तोल आपोआप सांभाळला जातो आणि लक्ष रस्त्यासाठी मोकळे होते. पाण्याखालीही असेच घडते. पहिल्या दहा-पंधरा बुड्यांत माणसाचे अवधान श्वास, कानातील दाब, मुखवट्यात शिरलेले पाणी आणि ना वर ना खाली असे स्थिर तरंगण्याची खटपट यांतच खर्ची पडते. हे चार व्यवहार सवयीने होऊ लागेपर्यंत हवेच्या मापकाकडे, सोबत्याकडे आणि प्रवाहाकडे द्यायला त्याच्यापाशी लक्ष शिल्लकच नसते. अवधान ही मर्यादित पुंजी आहे आणि नवखा माणूस ती गरजेच्या खर्चातच संपवून बसतो. त्याच्यावर त्याच आठवड्यात खोली, अंधार, नवा पोशाख, छायाचित्रणाचे यंत्र असे नवे खर्च लादणे म्हणजे दिवाळखोरीला निमंत्रण देणे होय.

असे निमंत्रण कोठवर नेते, याचे उदाहरण घडलेले आहे. २०२० साली अमेरिकेतील एका थंड सरोवरात प्रशिक्षणाच्या बुडीत एका तरुण विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. तिच्या अंगावर थंड पाण्यासाठी वापरतात तो बंद, कोरडा पोशाख होता आणि तो तिला नवा होता. खोली वाढते तसा हा पोशाख अंगाला आवळत जातो; म्हणून नळीने त्यात हवा सोडावी लागते. ती नळी जोडलेली नव्हती, आणि अंगावरची वजने चटकन टाकून देता येतील अशी नव्हती. नवी खोली, नवे साधन आणि थंडगार पाणी यांची एकाच वेळी गाठ पडली. ब्रिटिश पाणबुड्यांत अशा घटनांसाठी 'अपघाताचा खड्डा' ही कल्पना रूढ आहे. खड्ड्याच्या कडेला उतार सौम्य असतो आणि एखादी लहानशी अडचण आली तर माणूस सहज परत फिरतो. अडचणीत अडचण मिसळत गेली की उतार तीव्र होतो आणि एका जागेनंतर परतीची वाट उरत नाही. नवख्याचा खड्डा अरुंद आणि खडा असतो. सरावाने त्याचा काठ रुंद होत जातो.

मात्र बुड्यांची संख्या म्हणजे सराव नव्हे. केनेथ ॲरो यांनी १९६२ साली कृतीतून होणाऱ्या शिक्षणाविषयी एक प्रबंध लिहिला. तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. कौशल्य हे काम करता करता वाढते, परंतु तेच ते काम पुन्हा पुन्हा केल्याने होणारी वाढ झपाट्याने घटत जाते, हे त्यांनी त्यात नोंदविले. एकाच खाडीत, एकाच मार्गदर्शकाच्या मागोमाग, त्याच खडकाला शंभर वेळा प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या गाठी शंभर बुड्या असतील. अनुभव मात्र दहा बुड्यांचाच असतो. उलट कधी गढूळ, कधी प्रवाही, कधी रात्रीच्या पाण्यात, कधी स्वतः पुढे होऊन वाट शोधीत मारलेल्या तीस बुड्या माणसाला पुष्कळ काही शिकवून जातात.

फ्लोरिडातील पाण्याने भरलेल्या गुहांच्या तोंडाशी मृत्यूचे चित्र रंगविलेले फलक लावलेले आहेत. अशाच गुहांत तीनशेहून अधिक पाणबुडे मरण पावले आणि त्यांत खुल्या पाण्याचे प्रशिक्षकही होते, असे त्यांवर लिहिलेले आहे. 'प्रशिक्षकही' हा शब्द विचारात पाडणारा आहे. ही माणसे अनाडी नव्हती. त्यांची पात्रता खरी होती, पण ती दुसऱ्या पाण्याची होती. याची दुसरी बाजू २०१८ साली थायलंडमधील थाम लुआंग गुहेत जगाला दिसली. बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे आत अडकले होते. पाणी उपसण्याच्या कामी तेथे किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही होते, म्हणून महाराष्ट्राने ती बातमी विशेष आस्थेने वाचली. बचावकार्यात थाई नौदलाच्या माजी कमांडोला प्राण गमवावा लागला. मुलांचा ठाव लावला तो रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन या दोन इंग्रजांनी. त्यांतील एक निवृत्त अग्निशामक जवान होता आणि दुसरा संगणक-सल्लागार. गुहेत बुड्या मारणे हा त्यांचा पेशा नव्हे, छंद होता. पण ब्रिटनच्या थंड, गढूळ, अरुंद गुहांत तो त्यांनी वर्षानुवर्षे सावकाश जोपासला होता. त्या दिवशी जगाला गरज पडली ती त्या सावकाशपणाची.

गिऱ्हाईक आणि शिष्य

इतके उघड असूनही घाई का होते? कारण या व्यवहारात गुरू हाच विक्रेता आहे आणि शिष्य हाच गिऱ्हाईक. प्रशिक्षण केंद्राला पैसे मिळतात ते अभ्यासक्रमामागे. "तू अजून वीस साध्या बुड्या मार आणि मग ये," असा प्रामाणिक सल्ला देणाऱ्या प्रशिक्षकाचे त्या दिवशी नुकसानच होते. आणि विद्यार्थी शेजारच्या केंद्रात गेला तर ते कायमचे होते. यात कोणाला लबाड ठरविण्याचे कारण नाही. बहुतेक प्रशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना जिवापाड जपतात. परंतु ज्या रचनेत सल्ला देणाऱ्याचे पोट सल्ल्याच्या विरुद्ध दिशेला असते, त्या रचनेत सल्ला हळूहळू वाकतो. शिकवण्यांच्या व्यवसायाने हे आपल्याला केव्हाच दाखवून दिले आहे.

हौशी माणसापुरते हे ठीक म्हणता येईल. पैसा त्याचा, जीवही त्याचा. परंतु या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर पोटापाण्याचा प्रश्न उभा आहे. पॅडीच्या नियमांप्रमाणे 'डाइव्हमास्टर' होण्यासाठी ६० बुड्यांची नोंद लागते. प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसण्यासाठी १०० बुड्या आणि पहिल्या प्रमाणपत्रापासून किमान सहा महिने. आखणी करून चालले, तर एका हंगामात पोहता येणाऱ्या तरुणाचा प्रशिक्षक बनविता येतो, आणि तसे एकत्रित अभ्यासक्रम जगभर विकलेही जातात. मासेमारी बेभरवशाची झाल्यामुळे पर्यटनाकडे वळणारा कोकणातील तरुण अशा अभ्यासक्रमासाठी कर्ज काढू शकतो. समुद्राशी त्याचे नाते जन्माचे आहे, हे खरे. परंतु होडी चालविणे वेगळे आणि पाण्याखाली चार घाबरलेल्या माणसांची जबाबदारी घेणे वेगळे. त्याची घाई ही हौस नसून गरज आहे, आणि त्या घाईची किंमत त्याच्या मागे येणाऱ्या अनोळखी पर्यटकाला मोजावी लागू शकते. म्हणून हा प्रश्न खासगी राहत नाही.

स्मिथचा आक्षेप

याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप अर्थशास्त्राच्या आद्य पुरुषाचा आहे. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कारागिराला सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ॲडम स्मिथने १७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये तीवर कडाडून टीका केली. असे कौशल्य थोड्या दिवसांत शिकता येते, लांबलचक उमेदवारी ही नवागताला दूर ठेवण्याची जुन्यांची युक्ती आहे आणि कारागिराला खरी शिस्त लागते ती गिऱ्हाइकाकडून, असे त्याचे म्हणणे. बुड्यांची आणि महिन्यांची सक्ती केली, तर किनाऱ्यावरील प्रस्थापितांची मक्तेदारीच वाढेल, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु स्मिथचे गिऱ्हाईक जोडा चावला तर दुसऱ्या चांभाराकडे जाऊ शकत होते. येथे मालाचा कस कळतो तो संकटात, आणि त्यानंतर तक्रार करायला गिऱ्हाईक उरेलच असे नाही. शिवाय शिष्याला आपण काय जाणत नाही हेच ठाऊक नसते. जेथे गिऱ्हाइकाची शिस्त चालत नाही, तेथे काही नियमांची शिस्त आणावीच लागते.

दुसरा आक्षेप असा की, नवख्याने एकट्याने वीस बुड्या मारण्यापेक्षा प्रशिक्षकाच्या नजरेखाली पुढचा अभ्यासक्रम करणे अधिक सुरक्षित. यात तथ्य आहे, आणि 'प्रगत' अभ्यासक्रम मुळात मार्गदर्शनाखालील अनुभव म्हणूनच मांडला जातो. परंतु मग त्याला त्याच नावाने ओळखावे. बिघडते ते नजरेखालच्या पाच बुड्या संपल्यानंतर, जेव्हा कार्ड खिशात घालून तो माणूस पुढच्या वर्षी अनोळखी समुद्रात तीस मीटरवर उतरतो आणि आपण पारंगत असल्याची त्याची स्वतःचीच समजूत झालेली असते.

तिसरा आक्षेप सामान्य नोकरदाराचा आहे, आणि तोच सर्वांत कळकळीचा आहे. वर्षाला एकदा आठ दिवसांची रजा मिळते. होडीच्या प्रत्येक बुडीला पैसे पडतात. हे सावकाशपणाचे तत्त्वज्ञान आम्हाला परवडावे कसे? याचे उत्तर असे की, वर्षातून आठच दिवस मिळतात म्हणूनच त्याला सावकाश जाणे भाग आहे. मधल्या अकरा महिन्यांत, त्यातून कोकणात जून ते सप्टेंबर समुद्र बंद असताना, शिकलेले गंजते. गेल्या डिसेंबरचे कार्ड या डिसेंबरात तेवढेच लखलखीत असते. हातांचे तसे नसते. त्याने त्या आठ दिवसांत नवी पायरी चढण्यापेक्षा जुनी पायरी घासूनपुसून घ्यावी. पोहण्याच्या तलावातील सराव आणि उथळ पाण्यातील बुड्या कमी खर्चाच्याही आहेत आणि अधिक शिकविणाऱ्याही.

करावे काय?

शिकणाऱ्याने क्रम बदलावा, हे पहिले. आज ओढा असतो तो खोलीकडे. त्याऐवजी प्रथम स्थिर तरंगणे, मग दिशाज्ञान, मग दुसऱ्याला वाचविण्याचे शिक्षण आणि खोली सर्वांत शेवटी, असा क्रम धरता येतो. पॅडीच्या नियमांतही बचावाच्या अभ्यासक्रमाला दिशाज्ञानाची अट आहे, खोल बुडीची नाही. पाच मीटरवर कशालाही न धरता तीन मिनिटे थांबता येते का? मार्गदर्शकाविना होडीपाशी परतता येते का? वर येताना टाकीत किती हवा उरेल, हे बुडीआधी सांगून ते खरे करता येते का? या तीन प्रश्नांना सलग दहा बुड्यांत होय असे उत्तर आले, म्हणजे पुढचे दार ठोठवावे. नवी जागा, नवे साधन, नवी खोली, नवा सोबती यांपैकी एका वेळी एकच नवे घ्यावे. आणि पाणबुड्यांमधील एक सुंदर संकेत पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावा : कोणीही, केव्हाही, कारण न देता बुडी थांबवू शकतो आणि त्याला कोणी का म्हणून विचारायचे नाही.

परतीच्या प्रवासाचाही यात विचार हवा. पर्यटक सकाळी समुद्रात उतरून संध्याकाळी आंबोलीचा घाट चढू लागतो. तो घाट सुमारे सातशे मीटर उंच आहे, आणि तीनशे मीटरच्या वरची उंची पाणबुड्यांच्या हिशेबात वेगळी धरली जाते. उथळ पाण्यातील पहिल्या अनुभवापुरता हा धोका नगण्य आहे. दोन-तीन दिवस खोल बुड्या मारणाऱ्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबण्याचा सल्ला दिला जातो. घाट चढणाऱ्यानेही एक रात्र किनाऱ्यावर काढली तर त्याचे काही बिघडत नाही.

दुसरी जबाबदारी संस्थांची आणि शासनाची. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र तारकर्लीला आहे. सार्वजनिक संस्थेला खासगी दुकानाची घाई असण्याचे कारण नाही. दोन प्रमाणपत्रांच्या दरम्यान ठरावीक, आणि वेगवेगळ्या पाण्यातील, बुड्यांची अट तिने स्वतःहून घालावी. सरावाच्या बुड्यांचे दर अभ्यासक्रमाहून वेगळे आणि कमी ठेवावेत. प्रशिक्षकाची मिळकत वाटलेल्या कार्डांवर अवलंबून ठेवू नये. स्थानिक तरुणांना एका हंगामात प्रशिक्षक बनविण्याऐवजी दोन हंगामांची विद्यावेतनासह उमेदवारी द्यावी, म्हणजे सावकाशपणा ही केवळ सुखवस्तूंची चैन राहणार नाही आणि स्मिथच्या आक्षेपातील धारही जाईल. नौदलाने २०२४ साली निवृत्त केलेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीजवळ समुद्रतळाशी नेऊन तेथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना राज्याने हाती घेतली आहे. बुडालेल्या जहाजाचे आकर्षण अनावर असते, आणि त्याच्या आत शिरणे म्हणजे छप्पर असलेल्या पाण्यात शिरणे होय. तेथून सरळ वर येता येत नाही. अशा जागी कार्ड पाहून प्रवेश द्यायचा की नोंदवही पाहून, हे आधीच ठरविलेले बरे.

पाण्यातून वर कसे यावे, याचे शास्त्र जॉन स्कॉट हॅल्डेन यांनी १९०८ साली आपल्या सहकाऱ्यांसह मांडले. ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांना पांगळे करणाऱ्या विकारावर त्यांनी बोकडांवर प्रयोग करून उपाय शोधला. दाबाखालून एकदम वर आले की रक्तात मुरलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने उसळतो. म्हणून टप्प्याटप्प्याने वर यावे, प्रत्येक टप्प्यावर थांबावे आणि आत साठलेले शांतपणे निवळू द्यावे, हे त्यांच्या तक्त्यांचे सार. त्या थांब्यावर पाणबुड्या काहीच करीत नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. खरे तर त्याचे शरीर तेव्हा सर्वांत महत्त्वाचे काम करीत असते. प्रशिक्षणाच्या दोन पायऱ्यांमधील महिनेही असेच असतात. बाहेरून ते रिकामे दिसतात, आणि शिकलेले अंगात मुरते ते त्याच काळात. म्हणून ओले कपडे वाळण्याच्या आत विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला 'एवढ्यात नाही' असे उत्तर देणारा माणूस मागे पडलेला नसतो. तो आपला थांबा घेत असतो.